धरमतरचा धक्का आणि मोटार हाकण्याची विद्या

अंबा नदी सह्याद्रीतून उतरते, पाली-नागोठण्यावरून वळणे घेत खाली येते आणि समुद्राला मिळण्यापूर्वी एकाएकी एवढी रुंद होते की तिला नदी म्हणवत नाही. ही धरमतरची खाडी. अलीकडे पेण, पलीकडे पोयनाड आणि अलिबाग. दोन्ही अंगांना खारबंदिस्तीची भातशेते आणि मिठागरे. गावाच्या नावाच्या शेवटी 'तर' आहे. खाडी ओलांडून पलीकडे नेणाऱ्या होडीला कोकणात तर म्हणतात, आणि ती हाकणारा तो तरवाला. व्युत्पत्तीचा हट्ट न धरताही इतके म्हणता येते की हे गाव उतारूंवर जगले. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट येथे लागे, आणि पाण्यावरची वाट संपून येथे मातीची वाट सुरू होई. एक रस्ता पेणवरून खोपोलीकडे, म्हणजे बोरघाटाच्या पायथ्याशी जाई; दुसरा नागोठणे, महाडवरून पोलादपूरकडे. तेथून फिट्झगेराल्ड घाटाने, ज्याला आपण आंबेनळी म्हणतो त्याने, वर महाबळेश्वर. मुंबईचे साहेबलोक उन्हाळ्यात थंड हवेसाठी ज्या वाटांनी जात, त्यांतली ही एक.

कोकणच्या दळणवळणाचा इतिहास लिहिणारे बोटींविषयी पुष्कळ लिहितात आणि रेल्वे किती उशिरा आली याविषयी त्याहून अधिक लिहितात. ती तक्रार खरीच आहे. संपूर्ण कोकण रेल्वे धावू लागायला १९९८ साल उजाडावे लागले. पण मधल्या साठ-सत्तर वर्षांत कोकणी माणसाला घरी नेऊन पोचवले ते मोटारीने, आणि मोटार हाकणाऱ्या माणसाच्या शिक्षणाचा इतिहास मात्र कोणी फारसा सांगत नाही. तो धरमतरच्या धक्क्यावर उभे राहून सांगावा असे मला वाटते, कारण दोन प्रकारचे सारथी येथे रोज समोरासमोर येत. एक बोटीचा सारंग. दुसरा मोटारीचा ड्रायव्हर.

सारंग होणे ही सोपी गोष्ट नव्हती. कोळ्या-खारव्यांचा पोरगा आधी खलाशी म्हणून चढे. दोर ओढणे, पाणी उपसणे, नांगर टाकणे यांत वर्षे जात. खाडीत गाळ कोठे साचला आहे, ओहोटीला कोणता पट्टा उघडा पडतो, दक्षिणेचा वारा सुटला की पाणी कसे उभे राहते, हे सारे त्याच्या अंगात मुरे. मग तो तांडेल होई. आणि यंत्राची बोट हाताशी घ्यायची तर एवढ्यानेही भागत नसे. देशांतर्गत जलमार्गावरच्या आगबोटींसाठी सरकारने १८८४ साली कायदा केला होता, पुढे १९१७ साली नवा केला. बोट चालवणारा सारंग आणि तिचे इंजिन सांभाळणारा इंजिनवाला, दोघांनाही परीक्षा देऊन योग्यतेचा दाखला मिळवावा लागे. बोटीचीही तपासणी होई. किती उतारू घ्यायचे तो आकडा ठरलेला असे.

आता धक्क्याच्या पायऱ्या चढून वर या. मुंबईत मोटार प्रथम आली ती १८९८ च्या सुमारास, धनिकांची हौस म्हणून. मुंबई इलाख्याने तिच्यासाठी १९०४ साली कायदा केला आणि सबंध हिंदुस्थानासाठी पहिला मोटार कायदा १९१४ साली झाला. हा कायदा अगदी आटोपशीर आहे. अठरा वर्षांखालील माणसाने मोटार हाकू नये. परवाना असल्याशिवाय हाकू नये, आणि मालकाने बिनपरवान्याच्या माणसाच्या हाती ती देऊ नये. बेदरकारपणे हाकू नये. अपघात झाला तर गाडी थांबवावी. या शेवटच्या कलमाकडे मी पुढे येणार आहे. परवाना देताना माणसाची परीक्षा कशी घ्यावी हे मात्र प्रांतिक सरकारांच्या नियमांवर सोडलेले होते. म्हणजे ज्या पाण्यावर वाटेत कोणी आडवे येत नाही तेथे परीक्षेचा कायदा आधी झाला. आणि ज्या रस्त्यावर गाई, गाड्या, पोरे, पालख्या आणि बाजाराला निघालेल्या बायका चालतात, तेथे परीक्षेची नीट आखणी व्हायला आणखी पन्नास-पंचावन्न वर्षे लागली.

आपलेच असे झाले असे मात्र कोणी समजू नये. विलायतेत १८६५ च्या कायद्याने यंत्राच्या गाडीपुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवावा लागे. ती बंधने १८९६ साली सैल झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपाशी ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून मेली. १९०३ साली तेथे परवाना सुरू झाला, पण तो नुसता पैसे भरून मिळे. परीक्षा सक्तीची झाली ती १९३५ साली. अमेरिकेत शाळेतल्या मुलांना पद्धतशीरपणे मोटार शिकवण्याचा आरंभ १९३४ साली पेनसिल्व्हानियातल्या एमॉस नेहार्ट या प्राध्यापकाने केला, आणि तोही स्वतःच्या गाडीवर. मोटार आधी सर्वत्र पसरली आणि ती हाकायला शिकवले पाहिजे ही अक्कल जगाला मागाहून आली.

मग आपल्याकडे ड्रायव्हर शिकले कोठे? पहिल्या महायुद्धाने पुष्कळांना शिकवले. पलटणीत लॉरी हाकलेले लोक परत आले, लष्कराच्या जुन्या लॉऱ्या लिलावात निघाल्या, आणि त्यांच्यावर लाकडी सांगाडे चढवून देशभर 'सर्व्हिस मोटारी' सुरू झाल्या. बाकीच्यांना शिकवले ते क्लीनरकीने. क्लीनर हा मोटारीच्या जगातला खलाशी. पहाटे उठून गाडी धुवायची, हँडल मारून इंजिन जागे करायचे, रेडिएटरला पाणी पाजायचे, टपावर बोजे चढवायचे. घाटात गाडी थांबली की उडी टाकून चाकामागे दगड लावायचा, आणि गाडी चालू लागली की तो दगड रस्त्यातून काढायचा. हे दुसरे काम पुष्कळ क्लीनर विसरत. रात्री मागून येणाऱ्याला तो दगड भेटे. ड्रायव्हरला तो 'वस्ताद' म्हणे. वस्तादाचे हात-पाय पाहत पाहत, शिव्या खात खात, एखाद्या दुपारी रिकामी गाडी मैदानात फिरवायला मिळे. त्यातून दोन-चार वर्षांनी ड्रायव्हर तयार होई.

या विद्येला हसण्याचे कारण नाही. रस्त्याची नजर, यंत्राचा कान आणि संकटात गांगरून न जाण्याची सवय या गोष्टी अशा शागिर्दीत जशा येतात तशा पुस्तकाने येत नाहीत. परंतु तिच्यात एक मोठे वैगुण्य होते. वस्तादाला जे येई ते शिष्याला येई, आणि वस्तादाच्या ज्या खोडी त्याही शिष्याला लागत. उताराला गिअर काढून गाडी मोकळी सोडणे ही त्यांतली सर्वांत घातक खोड. तेल वाचते म्हणून मालक खूश, गाडी आपोआप पळते म्हणून ड्रायव्हर खूश. पण गिअरमध्ये असलेली गाडी उतारावर इंजिनच स्वतः ओढून धरत असते. तो धरणारा हात सुटला की सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, तापलेला ब्रेक धरत नाही, आणि एकदा वेग वाढल्यावर परत गिअर पडत नाही. ज्या गिअरने घाट चढावा त्याच गिअरने तो उतरावा, हे सूत्र जाणते ड्रायव्हर सांगत आले आहेत. आणि न्यूट्रलवर घाट उतरणारे त्यांच्या समोरूनच जात आले आहेत.

धरमतरला या साऱ्याला आणखी एक फोडणी मिळे ती भरती-ओहोटीची. लाँच पाण्याच्या तंत्राने चाले आणि मोटार प्रवाशांच्या. पावसाळ्यात हर्णै-दाभोळकडच्या दर्यातल्या बोटी बंद पडत. बंदराच्या आडोशातली धरमतरची वाहतूक चाले, म्हणून दक्षिणेकडे जाणारा कितीतरी उतारू याच वाटेवर लोटे. खासगी मोटारींना वेळापत्रक नाही, जागांचा आकडा कागदावर. गाडी भरली की सुटायची, आणि भरेपर्यंत सुटायची नाही. मग हरवलेला वेळ भरून काढायचा कोठे? रस्त्यावर. पुढच्या मोटारीला मागे टाकले तर पुढच्या नाक्यावरचे उतारू आपल्याला मिळतात, हा सरळ हिशेब होता. ड्रायव्हर वेडा होता म्हणून तो पळवत नसे. त्याची मजुरी त्याला पळवत होती.

ही गोष्ट सरकारला कळली ती थोड्या आडवाटेने. १९२७ साली रस्त्यांच्या सुधारणेसाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. तिच्या १९२८ च्या अहवालावरून पेट्रोलवर जादा कर बसवून १९२९ साली मध्यवर्ती रस्ता निधी निघाला, आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही इंजिनिअरांची संस्था उभी राहिली. आज आपण ज्या मापाने रस्त्याचे वळण आणि उतार आखतो त्याची परंपरा तेथून सुरू होते. जयकरांना लोक कायदेपंडित आणि पुढारी म्हणून ओळखतात. हिंदुस्थानच्या रस्त्यांवर त्यांचे केवढे ऋण आहे ते फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी मोटार आणि रेल्वे यांच्या चढाओढीची पाहणी केली. सरकारची काळजी खरे तर रेल्वेच्या उत्पन्नाची होती. पण त्या काळजीतून जो १९३९ चा मोटार कायदा जन्माला आला, त्यात उतारूंचा आणि ड्रायव्हरांचा फायदा झाला. इतिहासात पुष्कळ चांगल्या गोष्टी अशाच, दुसऱ्याच कारणाने होतात.

१९३९ च्या कायद्याची परिशिष्टे मला एखाद्या क्रमिक पुस्तकासारखी वाटतात. त्यांत ड्रायव्हरची परीक्षा पहिल्यांदा नीट मांडलेली आहे. गाडी सुरू करून सरळ आणि तिरकी काढणे, दुसऱ्या वाहनाला ओलांडणे, डाव्या-उजव्या वळणावर वळणे, एकाएकी थांबवणे, मागे घेऊन अरुंद जागेत घालणे, हाताने इशारे देणे. पंचवीस यार्डांवरच्या मोटारीचा नंबर वाचता येतो का, मग चष्मा लावून का होईना, हेही उमेदवाराला सांगावे लागे. आणि व्यापारी गाडी चालवणाऱ्या माणसाला एका वेळी पाच तासांहून अधिक काळ चाकामागे बसवू नये, त्यानंतर अर्धा तास विसावा द्यावा, दिवसाकाठी नऊ तास आणि आठवड्याला चोपन्न तास यांपलीकडे काम देऊ नये. १९६१ साली मोटार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला तेव्हा ही मर्यादा आठ आणि अठ्ठेचाळीस तासांवर आली. थकलेल्या माणसाला कोणतीही विद्या उपयोगी पडत नाही, हे कायद्याला कळलेले होते. ज्याच्या पदरी एक-दोनच ट्रक आहेत आणि पाचसुद्धा नोकर नाहीत, असा मालक मात्र त्या १९६१ च्या कायद्याबाहेर राहिला. १९८८ च्या मोटार कायद्याने हेच तास सर्व व्यापारी वाहनांच्या चालकांना लावले. युरोपात गाडीत बसवलेले यंत्रच ड्रायव्हरचे तास मोजते. आपल्याकडे रात्री दोन वाजता वडखळच्या नाक्यावर चहाच्या टपरीशी थांबलेला ड्रायव्हर किती तास जागा आहे, हे त्याच्या डोळ्यांवरून ओळखायचे.

हाताच्या इशाऱ्यांविषयी दोन शब्द जादा लिहितो, कारण ती एक हरवलेली भाषा आहे. उजवा हात आडवा बाहेर, तळवा पुढे: मी उजवीकडे वळतो. तोच हात बाहेर काढून गोल फिरवला: डावीकडे वळतो. तळवा खाली करून वरखाली: वेग कमी करतो. कोपरातून उभा: थांबतो. आणि मागून पुढे झोका दिल्यासारखा हलवला, तर: तुम्ही पुढे जा. प्रत्येक अर्थाला वेगळी खूण. पुढे दिवे आले, आणि एकच उजवा दिवा दोन अर्थ सांगू लागला. नियमाप्रमाणे त्याचा अर्थ 'मी उजवीकडे वळतो'. पण महामार्गावरचा ट्रकवाला तोच दिवा लावून मागच्याला 'ये, पुढे निघ' असेही सांगतो. मागचा पुढे निघतो, आणि ट्रक खरोखरच वळतो. यंत्र सुधारले आणि भाषा संदिग्ध झाली, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. ट्रकांच्या पाठीवर हॉर्न वाजवण्याची विनंती रंगवण्याची जी चाल होती, तिला महाराष्ट्रात २०१५ साली बंदी झाली. उगाच कर्कश वाजवायला उत्तेजन मिळते म्हणून ती बंदी. पण ते शब्दही मुळात एका ड्रायव्हरने दुसऱ्याशी केलेले बोलणेच होते.

स्वातंत्र्य मिळण्यास महिना उरला असताना या खाडीच्या तोंडाशी जे घडले ते येथे टाळून पुढे जाता येत नाही. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. 'रामदास' बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. काशाच्या खडकाजवळ लाटेने ती कलंडली आणि बघता बघता बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. गिरणगावातल्या कितीतरी खोल्यांना आणि अलिबाग तालुक्यातल्या कितीतरी घरांना त्या दिवशी कुलूप लागले. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. पोहून निघालेल्या माणसांनी किनाऱ्यावर बातमी आणली. वर मी सारंगाच्या परीक्षेची थोरवी गायिली. तिला ही पुरवणी जोडली पाहिजे. जाणता माणूस सुकाणूवर असणे ही सुरक्षिततेची एक बाजू झाली. वाहन कसे आहे, त्यात माणसे किती आहेत, आणि आजच्या दिवशी निघावे की न निघावे हे ठरवण्याचा हक्क कोणाचा आहे, या बाजू सुकाणूवरच्या माणसाच्या हातात क्वचितच असतात.

यानंतर साडेदहा महिन्यांनी, १ जून १९४८ रोजी, पुण्याहून अहमदनगरला पहिली एस. टी. गेली. किसन राऊत चालक आणि लक्ष्मण केवटे वाहक. मुंबई राज्याने उतारूंची वाहतूक आपल्या हाती घेतली, १९५० च्या कायद्यावर महामंडळ उभे राहिले, आणि हळूहळू कोकणच्या सर्व्हिस मोटारी इतिहासजमा झाल्या. एस. टी. ला नावे ठेवणे हा आपला राष्ट्रीय विरंगुळा आहे. पण रस्त्यावरच्या सवयींचा इतिहास लिहिताना मला तिची बाजू घेतलीच पाहिजे. तिने केलेली मोठी गोष्ट अशी की ड्रायव्हरची मजुरी आणि उतारूंची संख्या यांची गाठ तिने सोडवली. पगार महिन्याचा, गाडी अर्धी रिकामी असो की भरलेली, वेळ झाली की सुटायची. निवड करताना गाडी हाकून दाखवायची, मग प्रशिक्षण, मग मार्ग. आणि पंचवीस वर्षे अपघात न करता सेवा केलेल्या चालकाचा सत्कार. न घडलेल्या गोष्टीबद्दल माणसाचा गौरव करणारी खाती फार नाहीत. पु. ल. देशपांड्यांच्या 'म्हैस' या कथेत कोकणच्या रस्त्यावर एस. टी. ची गाठ एका म्हशीशी पडते आणि सारा गाव गोळा होतो. त्या कथेवर आपण हसू शकतो, कारण गाडीतली माणसे सगळी धडधाकट आहेत. वादाला आणि पंचनाम्याला उरली आहेत.

भोसरीला १९६७ साली केंद्रीय रस्ते वाहतूक संस्था निघाली. शाळाशाळांतून आर. एस. पी. ची मुले शिट्ट्या घेऊन चौकात उभी राहू लागली. २०२३ साली सासवड-नीरा मार्गावर अर्चना अत्राम या एस. टी. च्या पहिल्या महिला चालक म्हणून बसल्या. हे सारे नोंदवून पुढे जातो, कारण धरमतरचे काय झाले ते सांगायचे राहिले आहे.

खाडीवर पूल झाला आणि तर संपली. डोलवीला पोलादाचा कारखाना आला, खाडीत उतारूंच्या लाँचऐवजी कोळशाचे आणि खनिजाचे तराफे येऊ लागले. वडखळहून अलिबागला जाणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्गात मोडतो. त्यावर लांबलचक ट्रेलर, शनिवार-रविवारी मुंबईच्या मोटारी, पोयनाडच्या बाजाराचे टेंपो, भाद्रपदाआधी पेणच्या कारखान्यांतून गणपती घेऊन निघालेल्या गाड्या, आणि लावणीच्या दिवसांत चाकांना चिखल माखलेले ट्रॅक्टर असे सारे एकत्र चालतात. डांबरावर पडलेला तो शेताचा चिखल पहिल्या सरीने साबणासारखा होतो. ताशी साठ किलोमीटरने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे सतरा मीटर पुढे सरकते. समोर काही दिसले, डोक्यात शिरले आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात ते सतरा मीटर संपलेले असतात. थांबायला आणखी वीस-एक मीटर लागतात, आणि तेही कोरड्या रस्त्यावर. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते. खाडीतल्या तांडेलाला हे गणित न शिकता येई, कारण बोटीला ब्रेकच नसतो. तो आधीच दूरवर पाहून ठेवतो.

पेण ते महाड हा रस्ता किती हाल सोसतो आहे ते चाकरमान्यांना सांगायला नको. पळस्पे-इंदापूर चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली आणि त्यानंतर कितीतरी गणपती खड्ड्यांतून गावी गेले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ साली बांधलेला दगडी पूल पुरात कोसळला, आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एस. टी. गाड्या माणसांसकट नाहीशा झाल्या. त्या चालकांनी काय चुकवले होते? काही नाही. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, म्हणजे मनात आले तर आपल्याला जमते. दोन वर्षांनी, २८ जुलै २०१८ ला, आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची सहलीची गाडी दरीत गेली आणि एक सोडून सगळे गेले. हा तोच घाट, ज्याच्या पायथ्याकडे जाणारा रस्ता धरमतरच्या धक्क्यापासून निघे.

देशाचे आकडे असे की २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली पन्नास हजारांवर हेल्मेट न घातलेली होती. 'रामदास' एकदा बुडाली आणि तीन पिढ्या ती अमावास्या विसरल्या नाहीत. हा आकडा रोजच्या हिशेबात पाहिला तर आठवड्याला पाच 'रामदास' भरतात, पण ती माणसे एकेकटी, वेगवेगळ्या नाक्यांवर जातात, म्हणून त्यांची अमावास्या कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता १९१४ च्या त्या कलमाकडे. अपघात झाला तर थांबावे. १९८८ च्या कायद्याने याहून पुढे जाऊन जखमीला दवाखान्यात पोचवण्याची जबाबदारी चालकावर टाकली. व्यवहारात काय होते ते आपण जाणतो. ड्रायव्हर पळतो. कधी पाप लपवायला, आणि कधी जमाव गाडी पेटवील, आपल्याला मारील या भीतीने. वस्तादाने शिष्याला दिलेला हाही एक पाठच असे: काही झाले तर आधी पोलीस ठाणे गाठ, मग बोल. नव्या न्याय संहितेत, बेदरकारपणे कोणाचा जीव घेऊन न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या आरंभी ट्रकचालकांनी चाके थांबवली आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ ला संहिता अमलात आली, पण ते कलम तेवढे बाजूला ठेवण्यात आले. ड्रायव्हरांचे म्हणणे नुसते हटवादी नव्हते. थांबलेल्याला जिवाची हमी मिळाली तर तो थांबेल. मदत करणाऱ्या तिऱ्हाइताला पोलिसांचा आणि कोर्टाचा त्रास होऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली ठरवून दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यातही आले. या संरक्षणाची पाटी शाळेच्या भिंतीवर लावावी इतके ते मोलाचे आहे, आणि दहांतल्या नऊ माणसांच्या ते गावीही नसते.

शिक्षणाचे आजचे स्वरूपही सांगतो. पेणला परिवहन कार्यालय आहे, एम. एच. ०६ ही अक्षरे तेथली. शिकाऊ परवाना सहा महिन्यांचा, आणि किमान तीस दिवस शिकल्यावर पक्की परीक्षा. जुलै २०२१ पासून सरकारमान्य प्रशिक्षण केंद्रांची योजना आली आहे. तेथे हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम चार आठवड्यांत एकोणतीस तासांचा, जड वाहनाचा सहा आठवड्यांत अडतीस तासांचा. तेथून उत्तीर्ण झालेल्याला कार्यालयातल्या चाचणीची सूट मिळते. मालट्रकच्या चालकाला निदान आठवी पास असावे ही जुनी अट २०१९ साली निघाली. ती निघाली हे बरे झाले असे माझे मत आहे. सारंगाला किती इयत्ता झाल्या हे खाडीने कधी विचारले नव्हते. त्याने पाण्यावर किती वर्षे काढली हे विचारले होते. मात्र अडतीस तासांत ती वर्षे कशी बसवायची, हा प्रश्न त्या केंद्रांपुढे आहे.

क्लीनरही आता दुर्मिळ होत चालला. मालकाला दुसरा पगार परवडत नाही, म्हणून वीस-वीस टनांचा माल घेऊन माणूस एकटा निघतो. वळणावर डावीकडे बघून सांगणारे कोणी नाही, मागे घेताना पत्र्यावर थाप मारून 'येऊ द्या वस्ताद, येऊ द्या' म्हणणारे कोणी नाही, आणि रात्री त्याला जागे ठेवायला गप्पा मारणारेही कोणी नाही. त्या पोराबरोबर त्याची पाठशाळाही गेली, पुढच्या ड्रायव्हरची.